बागेकडच्या पाच खोल्या

माझ्या वडिलांनी काढलेला शेवटचा नकाशा पाच फुटांनी चुकला होता. लीड्सपासून गाडीने चाळीस मिनिटांवर एक जुनं घर आहे, अडीचशे वर्षांपूर्वी कुण्या लॉर्डने बांधलेलं आणि आता तिकीट काढून बघायचं. त्याच्या बागेकडच्या बाजूची लांबी बाहेरून मोजली तर एकशे अठरा फूट भरत होती. आतल्या खोल्या आणि भिंती मिळून एकशे तेरा. चाळीस वर्षं पुण्यात सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून काढलेल्या माणसाला अर्धा इंच चुकला तरी जेवण गोड लागायचं नाही. इथे पाच फूट चुकले होते.

आई गेल्यानंतर जूनमध्ये मी बाबांना सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर इकडे आणलं. त्यांचं वय एकोणऐंशी. मी एका मोठ्या हॉस्पिटलात खाटांचं नियोजन बघते. कुठल्या वॉर्डात किती खाटा रिकाम्या, आज कोण घरी जाणार, खाली कॅज्युअल्टीत कोण ताटकळतंय, ही जुळवाजुळव म्हणजे माझी नोकरी. नवरा सोमवार ते शुक्रवार नोकरीसाठी रीडिंग शहरात. त्यामुळे दिवसभर घरात बाबा एकटे. पहिल्या महिन्यात त्यांनी आमच्या गल्लीतले सगळे कचऱ्याचे डबे कुठल्या वारी उचलतात ते पाठ केलं. मग मी त्या जुन्या घराचा वर्षाचा पास काढला. बस थेट फाटकाशी थांबते, आत चहा मिळतो, बसायला बाकं आहेत. खरं सांगायचं तर मूल पाळणाघरात सोडावं तसं मी त्यांना तिथे सोडलं.

पहिल्याच संध्याकाळी ते खुशीत परत आले. "तुमच्या लॉर्डने लबाडी केली आहे," म्हणाले. "समोरून कोट आणि मागून बंडी."

"म्हणजे?"

"बागेकडून सगळा घडीव दगड, सांधा शोधून सापडत नाही. मागे जा, नोकरांच्या बाजूला. नुसती रबल! हाताला लागेल तो दगड लावलाय. आणि वरच्या मजल्यावर डावीकडून तिसरी खिडकी आहे ना, ती खिडकी नाहीच. भिंतीवर चौकट लावून काच बसवली आहे आणि आतून काळा रंग."

"कशाला?"

"उजवीकडे तिसरी आहे म्हणून."

दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात, हा त्या घराचा मुख्य हट्ट. जेवणाच्या खोलीत शेकोटीच्या दोन्ही बाजूंना दोन दारं आहेत, सारख्याच नक्षीची, सारख्याच पितळी मुठींची. एक उघडलं की पुढची खोली लागते. दुसरं उघडलं की भिंत. बाबांना ते दार फार आवडलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते उघडून दाखवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. तिथल्या स्वयंसेवक बाईंनी सुरुवातीला त्यांना दोनदा हटकलं आणि तिसऱ्यांदा चहा पाजला.

ह्या बाई म्हणजे निवृत्त भूगोल-शिक्षिका. उंच, किडकिडीत, स्पष्ट बोलणाऱ्या. बाबा त्यांना माझ्यापाशी 'मास्तरीणबाई' म्हणायचे आणि समोर 'मॅडम'. घराचे जुने नकाशे हरवले आहेत, आहेत ते पर्यटकांसाठी काढलेले ढोबळ, हे बाईंनी सांगितलं मात्र, बाबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "आय विल ड्रॉ." सोमवारी घर बंद असतं. तिथल्या ऑफिसातून परवानगी मिळाली. ऑगस्टपासून दर सोमवारी हे दोघे, दीडशे वर्षांचा ऐवज मिळून, टेप घेऊन घर मोजू लागले.

टेप बाबांची स्वतःची. पन्नास फुटी कापडी टेप, कातडी डबीत गुंडाळलेली, टोकाला पितळी कडी. पुण्याहून कपड्यांच्या मध्ये घालून आणलेली. मी म्हटलं, "बाबा, लेझरचं यंत्र आणून देते, बटण दाबलं की आकडा."

"तो लाल ठिपका कुठे पडतो ते मला दिसत नाही. आणि त्याला दुसरा माणूस लागत नाही."

"तो फायदाच आहे."

"तुझ्या दृष्टीने," ते म्हणाले.

घराचा बाहेरचा सगळा घेर त्या दोघांनी मिळून मोजला. दारांच्या चौकटीत भिंतींची जाडीही पट्टी लावून घेतली, कुठे अडीच फूट, कुठे तीन. रात्रीच्या जेवणाआधी आमच्या डायनिंग टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरलेला असायचा आणि मी ताटं हातात घेऊन उभी. "दोन मिनिटं, साहेब," ते म्हणायचे. मला ते साहेबच म्हणायचे, मी शाळेत असल्यापासून.

ऑक्टोबरात बाईंचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं. राहिल्या होत्या बागेकडच्या खोल्या, घरातल्या सगळ्यात देखण्या. पाच खोल्या एका रांगेत, त्यांची दारं एका रेषेत. सगळी उघडली की या टोकाच्या खोलीत उभं राहून त्या टोकाच्या खिडकीतलं झाड दिसतं. ऑक्टोबर संपला की घर हिवाळ्यासाठी बंद होतं. गालिचे गुंडाळतात, सामानावर चादरी घालतात, खिडक्यांची लाकडी दारं लावून टाकतात. बाबांनी ऑफिसात विनंती केली आणि एका रविवारी पाच वाजता, लोक गेल्यावर, तासाभराची मुभा मिळाली. टेपचं दुसरं टोक धरायला मी.

गाडीत बाबा मला काहीतरी समजावत होते. माझा फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता आणि वॉर्डातली सिस्टर सांगत होती की दोन पेशंट घरी जायला तयार आहेत पण न्यायला कोणी आलेलं नाही. मी तिच्याशी बोलत होते आणि मधेच बाबांना "हं, हं" म्हणत होते. त्या घराच्या फाटकात शिरेपर्यंत दोन्ही संभाषणं संपली होती.

"आज फक्त लांब्या," बाबा म्हणाले. "तू भिंतीला टोक लाव, मी आकडा वाचतो."

मी पितळी कडी भिंतीला घट्ट लावली. मी कामात ढिसाळ नाही. प्रत्येक खोलीत गुडघ्यावर बसले, टेप जमिनीपासून एकाच उंचीवर धरली, झोळ पडू दिला नाही. पलीकडच्या भिंतीशी बाबा वाकून आकडा वाचायचे, ओठ हलवायचे आणि वहीत लिहायचे. खिडक्यांतून तिरपं ऊन आलं होतं आणि छताच्या चुन्याच्या वेलबुट्टीवर पाची खोल्यांत एकाच वेळी पडलं होतं. बाबा मधल्या खोलीत थांबून म्हणाले, "तुझ्या आईला दाखवायला हवं होतं." मी घड्याळ बघितलं. पन्नास मिनिटांत काम संपलं आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी बेरीज जुळली नाही.

पहिला आठवडा त्यांनी मजेत घालवला. पाच फूट म्हणजे एखादी लपवलेली जागा असणार. खोटं दार, खोटी खिडकी, तसा खोट्या भिंतीमागचा बोळ. ऑपरेशन होऊन घरी आलेल्या मास्तरीणबाईंना त्यांनी कार्ड पाठवलं, त्यातही लिहिलं की मॅडम, कदाचित आत एक लॉर्ड अडकलेला आहे. घर बंद व्हायच्या आधी दोनदा एकटे बसने जाऊन भिंती ठोकून आले. पण भिंतींची जाडी दारांच्या चौकटीत उघडी दिसते. तीन फुटांच्या भिंतीत बोळ मावत नाही. मग बाबांचा आवाज खाली आला.

एका संध्याकाळी मी दुसऱ्या दिवसाचा डबा भरत होते. ते टेबलापाशी उभे होते, चष्मा कपाळावर.

"अगं, त्या दिवशी टेप एक फुटावर धरली होतीस ना?"

"हो, बाबा."

"प्रत्येक खोलीत?"

"हो हो. नीट धरली होती."

मी प्रश्न ऐकलाच नव्हता. ते काहीतरी विचारतायत एवढंच ऐकू आलं होतं. टेप नीट धरली होतीस का, असं विचारतायत, असं मला वाटलं. मी डब्याचं झाकण लावलं. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मुलीने हो म्हटलं की विषय संपला. लहानपणी माझं गणिताचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही, तर ते आधी पुस्तकात छपाईची चूक शोधायचे.

काही दिवसांनी म्हणाले, "मी दोनदा वजा केलं."

"काय?"

"एक फूट वजा करायचा असतो. तो मी आकडा वाचताना केला आणि लिहिताना परत केला. पाची खोल्यांत. एकदा चुकलं तर समजू शकतो. पाच वेळा, आणि मला आठवतसुद्धा नाही." मग म्हणाले, "दादाचं असंच सुरू झालं होतं."

दादा म्हणजे माझे काका. शेवटची सहा वर्षं त्यांनी कुणालाच ओळखलं नाही. शेवटी शेवटी बाबांना ते 'पोस्टमन' म्हणत.

'एक फूट वजा करायचा असतो' हे वाक्य मी ऐकलं. त्याचा अर्थ विचारला नाही. म्हाताऱ्या माणसाला विस्मरणाची शंका येते तेव्हा काय करायचं हे मला ठाऊक होतं, कारण कामावर मी ते रोज बघते. मी डॉक्टरची वेळ घेतली. नर्सबाईंनी त्यांना आजचा वार विचारला, एक पत्ता लक्षात ठेवायला सांगितला, घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. बाबांनी घड्याळ असं काढलं की त्या बाईंनी ते बघायला शेजारच्या खोलीतल्या बाईंना बोलावलं. पत्ताही बरोबर सांगितला. वयाच्या मानाने उत्तम, म्हणाल्या. परतताना गाडीत मी म्हटलं, "बघा, मिटलं ना?"

"त्यांनी टेप नाही दिली हातात," बाबा म्हणाले.

त्यांना पाच खोल्या पुन्हा मोजायच्या होत्या, एवढंच. मी म्हटलं पुढच्या रविवारी. त्या रविवारी मला ड्यूटी लागली. त्याच्या पुढच्या रविवारी घर हिवाळ्यासाठी बंद झालं होतं. ऑफिसात विचारलं असतं तर त्यांनी उघडलं असतं, लोक भले होते. मी विचारलं नाही. मला वाटलं, नकोच. पुन्हा चुकलं तर आणखी खचतील. मी त्यांना जपत होते.

डिसेंबरात व्हिसा संपला. नकाशाची गुंडाळी त्यांनी माझ्या कपाटावर ठेवली, वर टेपची डबी. "हे काही आता माझ्याच्याने व्हायचं नाही. मास्तरीणबाईंना दे, म्हणावं माफ करा." विमानतळावर व्हीलचेअर नको म्हणणारा माणूस त्या दिवशी मुकाट्याने व्हीलचेअरमध्ये बसला.

पुण्यात ते माझ्या भावाकडे राहिले. मी त्याला सगळं व्यवस्थित लिहून पाठवलं होतं: काय लक्ष ठेवायचं, कुठल्या वस्तू एकाच जागी ठेवायच्या, त्यांना घाई करायची नाही. असे कागद मी चांगले करते. भाऊ दर शनिवारी फोनवर सांगायचा.

"चित्र काढणं बंद केलंय. पेपरातलं कोडंपण सोडवत नाहीत."

"काही विसरतात का?"

"तसं काही नाही गं. माझ्या गाडीचा नंबर मला सांगतात. पण फिरायला जात नाहीत. रस्ता चुकेन म्हणतात. संध्याकाळी चपला घालतात, दाराशी उभे राहतात, आणि परत काढून ठेवतात."

"मागे लागू नकोस," मी सांगितलं. "ह्यात असं होतं."

ऑगस्टमध्ये ते गेले. न्यूमोनिया झाला, चार दिवसांत संपलं. दिवस करून मी परत आले आणि तिसऱ्या दिवशी कामावर गेले.

पुढच्या मार्चमध्ये घर उघडलं तेव्हा मास्तरीणबाईंचा फोन आला; गुंडाळी अजून माझ्या कपाटावरच होती. नकाशा अर्धा असला तरी चालेल, आम्हाला हवा आहे. मी एका सोमवारी रजा घेऊन गुंडाळी आणि टेप घेऊन गेले. बाईंचा नवा खुबा छान चालत होता. बागेकडच्या पहिल्या खोलीत टेबलावर आम्ही ट्रेसिंग पेपर पसरला. बाबांचं अक्षर, बाबांच्या रेघा. खिडकीची लाकडी दारं भिंतीत कशी दुमडून बसतात तेही त्यांनी काढलं होतं, जेवणाच्या खोलीतलं खोटं दारसुद्धा. बागेकडच्या पाची खोल्यांवर मात्र पेन्सिलीने एकेक प्रश्नचिन्ह.

"ही पाच फुटांची भानगड," मी म्हटलं. "त्यांची शेवटी शेवटी जरा गडबड व्हायला लागली होती."

"त्यांची?" बाई म्हणाल्या. "नॉनसेन्स. चला, एक खोली मोजून बघू."

त्यांनी डबी उघडली, टेप ओढली, भिंतीपाशी वाकल्या आणि कडी सोडून टेपचा पुढचा भाग चिमटीत धरून भिंतीला लावला. कडी आणि एक फूटभर टेप त्यांच्या हाताखाली लोंबत राहिली.

"टोक इकडे आहे," मी म्हटलं.

"हो, पण टोक धरायचं नाही. पहिला फूट झिजलाय. ताणला जातो, कडीपण सैल आहे. म्हणून एक फुटाच्या खुणेवर धरायचं आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा. पहिल्याच दिवशी शिकवलं त्यांनी मला." त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला सांगितलं असेलच ना?"

सांगितलं होतं. गाडीत, सिस्टर बोलत असताना. मग डबा भरताना विचारलंही होतं, दोनदा.

मी शून्य भिंतीला लावलं होतं. आलेला आकडा बरोबर होता. बाबांनी त्यातून एक फूट वजा केला, कारण तो करायचाच असतो. पाच खोल्या, पाच फूट. त्यांनी एकदाच वजा केलं होतं. ते काहीही विसरले नव्हते.

मी बाईंना म्हटलं, पाची मोजून घेऊ. मी एका टोकाला, त्या एका टोकाला, या वेळी मी खुणेवर धरून. पाची खोल्यांत बाबांच्या आकड्यापेक्षा बरोब्बर एक फूट जास्त. बेरीज एकशे अठराला पाऊण इंच कमी आली. अडीचशे वर्षांच्या घरात पाऊण इंच चालतो, असं बाबांनीच म्हटलं असतं. मी त्यांच्या पेन्सिलीच्या प्रश्नचिन्हांशेजारी नवे आकडे लिहिले. खोडायला रबर होतं, खोडलं नाही.

मग बाईंना सांगितलं. त्या भूगोल शिकवत असत, त्यांना उलगडायला वेळ लागला नाही. म्हणाल्या, "कार्डात त्यांनी मला लिहिलं होतं, या वेळी टेप मुलीने धरली आहे, त्यामुळे आकडे तुमच्यापेक्षा पक्के आहेत."

नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात बाबांनी सवयीने तीन रकाने आखले होते: मोजणी, आरेखन, तपासणी. पहिल्या दोन्हींत त्यांची सही. तिसरा रिकामा. स्वतःच्या कामाची तपासणी स्वतः करायची नाही, हा खात्यातला नियम ते घरीही पाळायचे. आमच्या वाण्याच्या यादीवरसुद्धा ते आईची सही मागत. बाईंनी पेन माझ्यापुढे केलं. "तुम्ही करा. शोभून दिसेल."

"नको. चूक ज्याची, त्याने तपासायचं नसतं," मी म्हटलं. त्यांनी सही केली.

घरी येऊन भावाला फोन लावला. भारतात रात्रीचं जेवण चाललं होतं. मी त्याला टेपचं सांगितलं, आधी कडीचं, मग खुणेचं, मग वजाबाकीचं. कामावर एखादी घटना सांगावी तसं, क्रमाने. त्याने मध्येच भांडी बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"थांब," तो म्हणाला. "म्हणजे बाबांना काही झालेलं नव्हतं?"

"नव्हतं."

"ते रोज चपला घालायचे. दाराशी उभे राहायचे. मी आत बसलेला असायचो गं. तू लिहून पाठवलं होतंस म्हणून मी म्हणायचो, राहू द्या बाबा, नका जाऊ."

"माहीत आहे."

"ते गेले असते आणि परत आले असते."

"हो," मी म्हटलं. या वेळी त्याचं म्हणणं नीट ऐकलं होतं. त्यात प्रश्न नव्हता.